मुंबई रक्तगट : डीएनएतील दोन बदलांचा वृत्तांत

जोगेश्वरीची लेणी इसवी सनाच्या सहाव्या शतकात खोदली गेली. दीड हजार पावसाळ्यांचे पाणी त्या खडकातून पाझरले असून स्तंभांचे कंगोरे झिजले आहेत व कित्येक मूर्तींचे चेहरे आता ओळखूही येत नाहीत. खडकासारख्या कठीण पदार्थाची जर ही अवस्था, तर पेशीतील खाऱ्या पाण्यात, सदोतीस अंशांच्या उष्णतेत, सतत विक्रिया चालू असलेल्या परिसरात वावरणाऱ्या डीएनए नामक नाजूक रेणूची काय कथा? आणि तरीही मातापित्यांकडून अपत्यांकडे जाणारा आनुवंशिक मजकूर शेकडो पिढ्यांतून जवळजवळ जसाच्या तसा उतरत आलेला आहे. डीएनए हा रेणू मूलतः टिकाऊ आहे असा समज दीर्घ काळ प्रचलित होता. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ टॉमास लिंडाल ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात हा समज प्रयोगांनी खोटा ठरविला. हा रेणू टिकतो तो स्वतःच्या बळावर नव्हे. त्याची अहर्निश डागडुजी चालू असते म्हणून टिकतो. ह्या डागडुजीतून जे निसटते, त्यासच आपण उत्परिवर्तन म्हणतो.

हा विषय पाठ्यपुस्तकांतून बहुधा जिवाणूंच्या किंवा फळमाशीच्या उदाहरणांनी मांडलेला असतो. परंतु मुंबईकर वाचकास त्याकरिता इतके दूर जावयाचे कारण नाही. आपल्या शहराचे नाव धारण करणारा एक रक्तगट आहे, आणि त्याच्या मुळाशी डीएनएतील दोन निरनिराळ्या जातींचे बदल एकाच गुणसूत्रावर शेजारी शेजारी नांदत आहेत. उत्परिवर्तनाचे इतके सोयीस्कर उदाहरण क्वचितच सापडावे.

सन १९५२ मध्ये 'लॅन्सेट' ह्या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया ह्यांनी लंडनमधील सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स ह्या रक्तगटतज्ज्ञांच्या सहकार्याने एक टिपण प्रसिद्ध केले. मुंबईत काही व्यक्तींचे रक्त असे आढळले होते की ते ए, बी, एबी किंवा ओ ह्यांपैकी कोणत्याही गटाच्या रक्ताशी जुळेना. रुग्णांपैकी एक रेल्वेच्या अपघातात जखमी झालेला होता, तर दुसऱ्यास सुऱ्याने भोसकण्यात आले होते. ओ गटाचे रक्त कोणासही चालते ही त्या वेळची सर्वमान्य समजूत. पण ह्यांच्या रक्तद्रवात ओ गटाच्या रक्तपेशीसुद्धा गुठळ्या होऊन बसत. वॉटसन व क्रिक ह्यांनी डीएनएच्या दुहेरी मळसूत्राची रचना एप्रिल १९५३ मध्ये जाहीर केली. म्हणजे हा शोध तिच्याही एक वर्ष आधीचा होय. १९९५ साली शहराचे इंग्रजी नाव बदलले, परंतु जगातील रक्तपेढ्यांतून 'बाँबे ब्लड ग्रुप' हे नाव अद्याप हटलेले नाही, आणि ते हटेल असेही दिसत नाही.

ह्या विचित्र वर्तनाचे कारण समजण्यास रक्तगटांची रासायनिक बांधणी थोडी पाहावी लागेल. तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर शर्करांच्या लहान लहान साखळ्या असतात. त्यांच्या टोकास फ्यूकोज नावाची शर्करा जोडली की 'एच' नामक द्रव्य तयार होते. हे एच म्हणजे पाया होय. ज्यांच्या अंगी ए गटाचे एन्झाइम असते त्यांच्यात ह्या पायावर एक शर्करा चढते, बी गटाच्या व्यक्तींत दुसरी, आणि ओ गटात काहीच चढत नाही. पाया उघडाच राहतो. मुंबई रक्तगटाच्या व्यक्तीत मात्र मुळात पायाच घातला जात नाही. तिच्याजवळ ए किंवा बी गटाचे जनुक शाबूत असले तरी ते निरुपयोगी, कारण ज्यावर शर्करा चढवावयाची ते एचच अस्तित्वात नसते. शरीरास एच परके वाटते, म्हणून रक्तद्रवात एचविरोधी प्रतिद्रव्ये तयार होतात. आणि जगातील जवळजवळ प्रत्येक दात्याच्या पेशींवर थोडेबहुत एच असतेच.

फ्यूकोज जोडणारे हे एन्झाइम ज्या जनुकावरून तयार होते त्यास 'एफयूटी-१' असे नाव असून ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. भारतात आढळणाऱ्या मुंबई रक्तगटात ह्या जनुकाच्या ७२५ व्या स्थानी थायमिनऐवजी ग्वानिन आलेले असते. परिणामी एन्झाइमाच्या ३६५ घटकांच्या साखळीतील २४२ व्या जागी ल्यूसिन ह्या ॲमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन बसते. ल्यूसिन पाण्यापासून दूर राहणारे, तर आर्जिनिन विद्युत्‌भारित. एवढ्या एका बदलाने एन्झाइमाचे कार्य थांबते. शेजारीच 'एफयूटी-२' नावाचे जुळे जनुक आहे. ते लाळ इत्यादी स्रावांत एच निर्माण करते. ह्या व्यक्तींत त्याचा एखादा वर्ण बदललेला नसून सुमारे दहा हजार वर्णांचा संपूर्ण तुकडाच गळालेला असतो. एक चूक अक्षराची, दुसरी पानाची. ह्या दोन चुका दोन अगदी वेगळ्या वाटांनी होतात, म्हणून त्यांचा विचार पृथक्‌पणे करणे इष्ट.

प्रथम अक्षराची चूक घेऊ. डीएनएची रचना रेल्वेमार्गासारखी कल्पावी. दोन रूळ म्हणजे शर्करा व फॉस्फेट ह्यांचे दोन धागे. मधल्या आडव्या पट्ट्या म्हणजे क्षारकांच्या जोड्या. ॲडेनिनसमोर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन हा नियम. पेशी दुभंगताना दोन्ही रूळ विलग होतात व प्रत्येकासमोर नवा रूळ घातला जातो. मानवी पेशीत अशा सुमारे सहाशे कोटी जोड्या असतात. नक्कल करणारे पॉलिमरेज हे एन्झाइम साधारणपणे एक लाख अक्षरांमागे एक चूक करते. म्हणजे प्रत्येक विभाजनास साठ हजार चुका. हे प्रमाण कोणत्याही जीवास परवडण्याजोगे नाही. यास्तव पॉलिमरेजास मागे वळून पाहण्याची सोय असते. जोडी नीट बसली नाही की नुकतेच बसविलेले अक्षर ते काढून टाकते व पुन्हा प्रयत्न करते. त्यायोगे चुका सुमारे शंभरपटीने घटतात. उरलेल्या शेकडो चुका शोधण्याकरिता स्वतंत्र प्रथिनांचे पथक नव्या डीएनएवरून फिरते, विजोड जोडी दिसली की नव्या धाग्याचा तेवढा भाग कापून पुन्हा भरते. पॉल मॉड्रिच ह्यांनी ह्या यंत्रणेचा कार्यक्रम जिवाणूंत पायरीपायरीने उलगडला. रात्रीची वाहतूक थांबल्यावर गोरेगाव ते अंधेरी रूळ तपासत जाणाऱ्या गँगमनांची ज्यांना आठवण होईल, त्यांची कल्पना फारशी चुकीची ठरणार नाही. भेद इतकाच की येथे तपासणीस हे ठरवावे लागते की दोन रूळांपैकी जुना कोणता व नवा कोणता. चूक नव्यात असते, जुन्यात नव्हे. जुना समजून नवा राखला तर चूक कायम होईल. जिवाणू ही ओळख जुन्या धाग्यावरील मिथिल खुणांवरून पटवितात. मानवी पेशीत नव्या धाग्यातील तात्पुरते तुटलेले सांधे त्या कामी येतात.

नक्कल करताना होणाऱ्या ह्या चुकांखेरीज, अक्षरे बसल्या जागी बिघडणे हा दुसरा प्रकार आहे, आणि तो अधिक मनोरंजक आहे असे मला वाटते. केवळ पाण्याच्या संपर्काने एका मानवी पेशीत दररोज सुमारे दहा हजार क्षारक साखळीवरून गळून पडतात. शेकड्यांनी सायटोसिनांचे अमिनो गट निघून त्यांचे युरासिल होते. युरासिलाची जोडी ॲडेनिनशी जमते, म्हणून ते तसेच राहिले तर पुढच्या नकलेत सायटोसिनच्या जागी थायमिन येईल. लिंडाल ह्यांनी अशा युरासिलास हुडकून कापून टाकणारे एन्झाइम १९७४ मध्ये शोधून काढले. येथे एका जुन्या कोड्याचाही उलगडा होतो. आरएनएमध्ये युरासिल चालते, मग डीएनएने थायमिन हा अधिक खर्चाचा घटक का पत्करावा? डीएनएत युरासिल कायदेशीररीत्या असतेच, तर बिघडलेल्या सायटोसिनापासून झालेले युरासिल व मूळचे युरासिल ह्यांत भेद करणे तपासनीसास अशक्य झाले असते. थायमिन वापरल्यामुळे डीएनएतील प्रत्येक युरासिल संशयित ठरते. ह्याच न्यायाने, ज्या सायटोसिनास मिथिल गट जोडलेला असतो ते बिघडले की थेट थायमिन होते, आणि ती चूक पकडणे कठीण जाते. मानवी उत्परिवर्तनांत अशा मिथिलयुक्त स्थानांचा वाटा फार मोठा आहे, त्याचे कारण हेच.

परंतु आपल्या एफयूटी-१ मधील बदल ह्या वाटेचा नव्हे. तेथे थायमिनचे ग्वानिन झाले. दुसऱ्या धाग्यावरून पाहिल्यास ॲडेनिनचे सायटोसिन झाले. ज्या पूर्वजाच्या बीजपेशीत हे घडले त्या अपघातास साक्षीदार नाही. पण ह्या जातीचे बदल कसे होऊ शकतात ह्याचा एक धडा जिवाणूंनी दिला आहे. १९५४ मध्ये ट्रेफर्स व त्यांच्या सहकाऱ्यांना कोलन जिवाणूचा एक असा वाण मिळाला की ज्यात उत्परिवर्तने अतोनात होत. पुढे १९६६ मध्ये यानॉफ्स्की ह्यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की त्यात नेमका एकच प्रकारचा बदल होतो, तो म्हणजे ॲडेनिन-थायमिन जोडीचे सायटोसिन-ग्वानिन जोडीत रूपांतर. कारण कळावयास आणखी पाव शतक जावे लागले. पेशीत प्राणवायूच्या व्यवहारातून जी उपद्रवी द्रव्ये निर्माण होतात ती साखळीत बसण्यापूर्वीच्या सुट्या ग्वानिनावरही आघात करतात. असे ऑक्सिडित ग्वानिन चुकून ॲडेनिनासमोर बसते, आणि पुढच्या नकलेत आपल्यासमोर सायटोसिन घेते, झाली अदलाबदल. ट्रेफर्स ह्यांच्या वाणात हे नासके ग्वानिन वेचून टाकणारे एन्झाइम बिघडलेले होते, असे माकी व सेकिगुची ह्यांनी १९९२ मध्ये सिद्ध केले. आपल्या पेशींतही ह्याच कामाचे एन्झाइम आहे. थोडक्यात, पेशी केवळ भिंतीची डागडुजी करीत नाही. गवंड्याच्या पाटीतील फुटक्या विटाही आधीच वेचून काढते.

सूर्यप्रकाशाविषयी दोन शब्द पुरेत, कारण अतिनील किरण कातडीपलीकडे बीजपेशींपर्यंत पोहोचत नाहीत व म्हणून आनुवंशिक बदलांशी त्यांचा संबंध नाही. हे किरण शेजारच्या दोन थायमिनांना एकमेकांस चिकटवितात. पेशी अशा गाठीच्या दोन्ही बाजूंस छेद घेऊन सुमारे तीस अक्षरांचा तुकडा काढते व समोरच्या धाग्यावरून वाचून पोकळी भरते. ही यंत्रणा जन्मतः सदोष असलेल्या मुलांना झीरोडर्मा पिग्मेंटोसम नावाचा रोग होतो आणि उन्हात गेलेल्या त्यांच्या कातडीवर लहान वयातच कर्करोग उद्भवतात, हा संबंध जेम्स क्लीव्हर ह्यांनी १९६८ मध्ये प्रस्थापित केला. लिंडाल, मॉड्रिच व ह्या यंत्रणेचे अभ्यासक अझीझ सँकार ह्यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

आतापर्यंत वर्णिलेल्या सर्व दुरुस्त्यांचा आधार एकच : एक रूळ बिघडला तरी दुसरा शाबूत असतो, आणि त्यावरून मूळ मजकूर वाचता येतो. दोन्ही रूळ एकाच ठिकाणी तुटले तर काय? क्ष-किरणांनी असे होते, आणि नकलेच्या सामान्य धांदलीतही होते. पेशीपुढे तेव्हा दोन उपाय असतात. पहिला म्हणजे तुटलेली टोके सरळ जोडून देणे. हा जलद, पण सांध्याजवळची काही अक्षरे त्यात गमावली जातात. दुसरा म्हणजे भगिनी धाग्यावर किंवा जोडीच्या गुणसूत्रावर तसाच मजकूर शोधून त्याबरहुकूम भरून काढणे. हा दुसरा उपाय अचूक खरा, पण 'तसाच मजकूर' योग्य ठिकाणी सापडला तरच.

आणि येथे एफयूटी-२ च्या गळालेल्या पानाचा उलगडा होतो. मानवी डीएनएत 'आलू' नावाचे सुमारे तीनशे अक्षरांचे एक पालुपद दहा लाखांहून अधिक ठिकाणी विखुरलेले आहे. एकूण मजकुराचा दशांश भाग त्यानेच व्यापला आहे. (बटाट्याशी ह्या नावाचा संबंध नाही, ज्या एन्झाइमाने ते कापले जाते त्याच्या नावावरून ते पडले.) एफयूटी-२ च्या दोन्ही अंगांस अशी पालुपदे आहेत. जुळणी करताना डावीकडच्या पालुपदास उजवीकडचे पालुपद समजून सांधा घातला गेला, तर मधले सर्व काही वगळले जाते. पोथी उतरून घेणाऱ्या लेखकाची नजर एका ध्रुवपदावरून पुढच्या त्याच ध्रुवपदावर उडावी व मधली ओवी सुटावी, तसा हा प्रकार. जपानमधील कोडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ह्या गाळलेल्या भागाच्या कडा वाचून तेथे आलू पालुपदांचाच सांधा असल्याचे दाखवून दिले. म्हणजे पहिला बदल निसटलेल्या चुकीचा, तर दुसरा जुळणीच्या यंत्रणेनेच केलेल्या चुकीचा. उत्परिवर्तन म्हणजे दुरुस्तीचा अभाव, अशी सोपी व्याख्या करणारांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

दोन्ही जनुके एकमेकांलगत असल्याने हे दोन्ही बदल एकत्रच वारशाने जातात. हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांतही हीच जोडी आढळली आहे. आता असे पाहा : प्रत्येक अपत्यात मातापित्यांकडे नसलेले नवे बदल सरासरी साठ-सत्तर असतात, बहुतेक पित्याकडून आलेले, आणि पित्याच्या वयाच्या दर वर्षास त्यांत दीड-दोनाची भर पडते. तीनशे कोटी स्थानांपैकी नेमके एक विशिष्ट स्थान त्यांत येण्याचा संभव कोट्यांशात एक, आणि त्याच गुणसूत्रावर तोच तुकडाही गळण्याचा संभव त्याहून किती तरी कमी. यास्तव हे बदल वारंवार स्वतंत्रपणे घडले असे मानण्यापेक्षा एकाच पूर्वजापासून ते पसरले असे मानणे सयुक्तिक.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील कार्याचा येथे उल्लेख न करणे अनुचित होईल. तेथे उत्परिवर्तनाच्या दोन्ही बाजूंचा अभ्यास झालेला आहे. एका बाजूस, क्ष-किरणांनी मुद्दाम उत्परिवर्तने घडवून निवडलेली टीजी-१ ही मोठ्या दाण्याची भुईमुगाची जात १९७३ मध्ये लागवडीसाठी प्रसृत झाली व तिच्यापासून पुढे ट्रॉम्बेच्या अनेक जाती निघाल्या. दुसऱ्या बाजूस, डाइनोकॉकस रेडिओड्युरन्स ह्या जिवाणूवर डॉ. एच. एस. मिश्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घ संशोधन केले. मनुष्यास पाच ग्रे मात्रेचा प्रारण प्राणघातक ठरतो. हा जिवाणू पाच हजार ग्रे सोसतो. त्याच्या डीएनएचे शेकडो तुकडे होतात आणि काही तासांत ते पुन्हा यथाक्रम जुळतात. ह्या दुरुस्तीत भाग घेणाऱ्या एका नियामक एन्झाइमाचे वर्णन ट्रॉम्बेच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले. मानवी पेशी व हा जिवाणू ह्यांच्या डीएनएत रासायनिक भेद मुळीच नाही. भेद आहे तो डागडुजी करणाऱ्या प्रथिनांच्या संरक्षणात व कार्यक्षमतेत.

पुनः रक्ताकडे वळू. भाटिया व साठे ह्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुंबईत ह्या गटाचे प्रमाण सुमारे ७,६०० व्यक्तींमागे एक असे आढळले. युरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास मानले जाते. रक्तगट प्रकट होण्यास दोन्ही पालकांकडून सदोष जनुक यावे लागते. विवाह सर्वस्वी यादृच्छिक आहेत असे धरून हिशेब केल्यास, ७,६०० चे वर्गमूळ सुमारे ८७, म्हणून सदोष जनुकाचे प्रमाण ८७ त एक, आणि एकच सदोष जनुक बाळगणाऱ्या निरोगी वाहकांचे प्रमाण सुमारे ४४ त एक. चार हजार उतारू घेऊन जोगेश्वरीहून चर्चगेटकडे निघालेल्या एका लोकलमध्ये अशा हिशेबाने नव्वद वाहक असावेत. प्रत्यक्षात जातीअंतर्गत व नात्यातील विवाहांमुळे सदोष जनुके एकत्र येण्याचा संभव वाढतो, सबब वाहक ह्याहून कमी व विशिष्ट कुटुंबांत एकवटलेले असतात.

ह्या व्यक्तींस एरवी कोणताही विकार नसतो. धोका उद्भवतो तो रक्त चढविण्याच्या प्रसंगी. केवळ ए व बी विरोधी द्रव्यांनी पेशींची चाचणी केली तर त्या ओ गटाच्या भासतात, आणि ओ गटाचे रक्त दिले गेल्यास एचविरोधी प्रतिद्रव्ये चढविलेल्या पेशी फोडून टाकतात. त्यात मूत्रपिंडे निकामी होऊन रुग्ण दगावू शकतो. यास्तव रुग्णाचा रक्तद्रव ज्ञात ओ पेशींशी उलट बाजूनेही पडताळावा लागतो. गुठळी झाली की संशय घ्यावा व एचविरोधी द्रव्याने खात्री करावी. पश्चिम द्रुतगती महामार्गालगत जोगेश्वरीस महापालिकेचे जे ट्रॉमा रुग्णालय आहे, तशा ठिकाणी येणारा अपघातग्रस्त मनुष्य आपला गट सांगण्याच्या स्थितीत नसतो व वेळ थोडा असतो. तेथे ह्या उलट पडताळणीस लागणारी काही मिनिटे वगळण्याचा मोह होणे स्वाभाविक असले तरी ती वगळता येत नाहीत. ह्या गटाच्या रुग्णास ह्याच गटाच्या दात्याचे रक्त चालते, दुसरे कोणतेही नाही. अशा दात्यांच्या याद्या रक्तपेढ्या ठेवतात. परंतु यादी हाताशी नसेल तर प्रथम रुग्णाच्या सख्ख्या भावंडांस बोलवावे. माता व पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक भावंडाचा गट हाच असण्याचा संभव चारांत एक असतो.